निमंत्रण कुणी कुणाला द्यायचं?

कॅलिफोर्नियाच्या सान होआकीन खोऱ्यात केटलमन सिटी नावाचं हजार-बाराशे वस्तीचं गाव आहे. गावातली जवळजवळ सगळी माणसं मेक्सिकन मुळांची, बहुतेकांचं पोट शेतमजुरीवर, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांतल्या सुमारे चाळीस टक्के लोकांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. गावापासून काही मैलांवर घातक औद्योगिक कचरा पुरण्याची मोठी जागा आधीपासूनच होती. तिथेच विषारी कचरा जाळणारी भट्टी उभारायचं एका कंपनीनं ठरवलं. कायद्याप्रमाणे पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल तयार झाला. तो सुमारे हजार पानांचा आणि सगळाच्या सगळा इंग्रजीत होता. गावकऱ्यांनी तो स्पॅनिशमध्ये मागितला आणि स्थानिक प्रशासनानं नकार दिला. मग स्वच्छ हवा आणि पाण्यासाठी गावकऱ्यांनी स्वतःची संघटना बांधली आणि ते न्यायालयात गेले. १९९१च्या अखेरीस न्यायाधीशांनी निकाल दिला, की अहवाल लोकांच्या भाषेत न दिल्यामुळे त्यांना या निर्णयात खऱ्या अर्थानं भागच घेता आला नाही. दोन वर्षांनी कंपनीनं प्रस्ताव मागे घेतला.

ही हकिकत तीस वर्षांहून जुनी आहे, पण अमेरिकेतल्या आजच्या एका चर्चेची नस तिच्यात सापडते. हवामान बदलाविरुद्धच्या चळवळीत लॅटिनो समाजाला, म्हणजे मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिका, कॅरिबियन बेटं इथली मुळं असलेल्या अमेरिकी लोकांना, कसं सामील करून घ्यायचं, असा प्रश्न तिथल्या पर्यावरण संस्था बरीच वर्षं विचारत आहेत. २०२०च्या जनगणनेत या समाजाची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. देशातली जवळपास दर पाचवी व्यक्ती लॅटिनो आहे. इतका मोठा समाज बाहेर ठेवून कोणताही हवामान कायदा टिकणार नाही, हे उघड आहे. पण या प्रश्नात एक गृहीतक दडलं आहे: या लोकांना विषयाची जाण नाही, म्हणून आधी जागृती करावी लागेल. माझ्या मते हे गृहीतक चुकीचं आहे, आणि पुढच्या बऱ्याच फसलेल्या मोहिमा त्याच्यातूनच निघतात. जाण तिथे आधीपासून आहे, लढ्याचा अनुभवही आहे. कमी पडतो तो निर्णयाच्या ठिकाणी मिळणारा वाटा.

आधी जाणिवेचा पुरावा पाहू. प्यू संशोधन केंद्रानं २०२१ साली केलेल्या पाहणीत, हवामान बदलाचा परिणाम आपल्या परिसरावर होतो आहे, असं ७१ टक्के लॅटिनोंनी सांगितलं. इतर अमेरिकी लोकांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. येल विद्यापीठाच्या २०१७च्या पाहणीत लॅटिनो लोक इतरांपेक्षा जास्त चिंतेत दिसले, आणि लॅटिनोंमध्येही मुख्यतः स्पॅनिश बोलणारे लोक इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा अधिक चिंतेत होते. म्हणजे ज्यांच्यापर्यंत इंग्रजी पत्रकं, इंग्रजी सभा आणि इंग्रजी संकेतस्थळं सर्वांत कमी पोहोचतात, तेच या प्रश्नाकडे सर्वांत गांभीर्यानं पाहत होते. त्याच पाहणीत असंही दिसलं, की या विषयावर काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेनं बहुतेकांशी कधी संपर्कच साधलेला नव्हता. कुणी हाकच मारली नाही तर उत्तर आलं नाही म्हणून खंत कशाची करायची?

ही चिंता कुठून येते हे समजायला फार खोल जावं लागत नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचा हिशेब दोन बाजूंनी मांडला: कोणत्या समाजाच्या खरेदी-वापरामुळे किती प्रदूषण होतं, आणि कोणता समाज किती प्रदूषण श्वासात घेतो. लॅटिनो लोक स्वतःच्या वापरातून होणाऱ्या प्रदूषणापेक्षा ६३ टक्के जास्त प्रदूषण सोसतात. गोरे अमेरिकी त्यांच्या वाट्यापेक्षा १७ टक्के कमी. उन्हाचंही तसंच. १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवून तिथे घरकर्ज देणं धोक्याचं ठरवलं गेलं. तिथे गुंतवणूक आली नाही, झाडं आली नाहीत, पुढे महामार्ग आणि गोदामं मात्र आली. १०८ शहरांची तुलना करणाऱ्या २०२०च्या अभ्यासात या वस्त्या त्याच शहरांतल्या अनुकूल ठरवलेल्या भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसनं अधिक तापलेल्या आढळल्या. शिवाय शेत, बांधकाम, छपरं, बागकाम अशा उघड्यावरच्या कामांत लॅटिनो मजुरांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं कितीतरी मोठा आहे. तापमानवाढ त्यांना आकडेवारीतून कळत नाही, ती पाठीवर जाणवते.

लढ्याचा इतिहास तर चळवळीच्या अधिकृत इतिहासाच्या बरोबरीनं चालत आला आहे, फक्त त्याला तिथे जागा मिळालेली नाही. कॅलिफोर्नियातल्या डेलानो भागात १९६५मध्ये द्राक्षमळ्यांतल्या फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले आणि त्यातून युनायटेड फार्म वर्कर्स ही संघटना उभी राहिली. मजुरी ही मुख्य मागणी होतीच, पण कीटकनाशकांचा प्रश्नही या संघटनेनं लावून धरला. १९७०च्या सुमारास मळेमालकांशी झालेल्या करारांत डीडीटी वापरायचं नाही असं कलम होतं. केंद्र सरकारची डीडीटीबंदी आली ती १९७२मध्ये. ज्यांच्या अंगावर फवारा पडत होता त्यांनी सरकारच्या आधी तो थांबवला, ही पर्यावरणाच्या इतिहासातली साधी घटना नव्हे.

शिकागोचं उदाहरण हवामानाच्या प्रश्नाला आणखी थेट भिडतं. शहराच्या नैर्ऋत्येला पिल्सन आणि लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्त्या आहेत आणि दोन्हींत एकेक कोळशावरचं वीजकेंद्र होतं, अनुक्रमे फिस्क आणि क्रॉफर्ड. हार्वर्डच्या संशोधकांनी २००१च्या सुमारास केलेल्या अभ्यासात या दोन केंद्रांमुळे वर्षाला चाळीसच्या वर अकाली मृत्यू आणि दम्याचे सुमारे २८०० झटके येतात असा अंदाज काढला. लिटल व्हिलेजमधल्या पर्यावरण-न्याय संघटनेच्या किंबर्ली वॉसरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारोदार जाऊन, शाळा आणि चर्चमध्ये बोलून, महापालिकेवर वर्षानुवर्षं दबाव आणून हा प्रश्न जिवंत ठेवला. २०१२मध्ये दोन्ही केंद्रं बंद झाली आणि पुढच्याच वर्षी वॉसरमन यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. लॉस एंजेलिसमध्ये युनिव्हर्सिटी पार्क या प्रामुख्यानं लॅटिनो वस्तीत घरांच्या शेजारी चालणाऱ्या तेलविहिरींविरुद्ध नायेली कोबो या मुलीनं वयाच्या नवव्या वर्षापासून बोलायला सुरुवात केली. त्या जागेवरचं काम २०१३मध्ये थांबलं आणि २०२०मध्ये ती कायमची बंद झाली. घरं, शाळा आणि दवाखाने यांच्यापासून ३२०० फुटांच्या आत नवी तेलविहीर खणायला बंदी करणारा कायदा कॅलिफोर्नियानं २०२२मध्ये केला. त्याच्या मागे अशाच वस्त्यांमधल्या संघटनांची कित्येक वर्षांची मेहनत होती.

इथे एक आक्षेप हमखास येतो. दमा, धूळ, दुर्गंधी हे स्थानिक प्रश्न आहेत. हवामान बदल जागतिक आहे. दोन्हींची गल्लत कशाला करता? आक्षेप अगदीच पोकळ नाही. एखाद्या कारखान्याची चिमणी आपल्या दारातून हलली आणि दुसऱ्याच्या दारात गेली, तर वातावरणातला कार्बन तेवढाच राहतो. पण वर दिलेल्या लढ्यांमध्ये चिमणी हलली नाही, विझली. कोळशाच्या ज्या धुरानं शिकागोतली मुलं धापा टाकत होती, त्याच धुरात कार्बन डायऑक्साइड होता. केंद्र बंद झाल्यावर दोन्ही एकदमच थांबले. उलट मुद्दा असा, की कार्बनच्या नावानं मागितलेला त्याग लोकांना पन्नास वर्षांनी फळ देतो, आणि दम्याच्या नावानं मिळवलेला विजय पुढच्याच हिवाळ्यात. राजकारणात दुसऱ्या प्रकारचा पाठिंबा अधिक टिकतो. म्हणून दाराशी असलेल्या प्रश्नापासून सुरुवात करणं हे जागतिक प्रश्नाला खालच्या पायरीवर आणणं नव्हे. तोच त्याचा सर्वांत भक्कम पाया आहे.

मग या समाजाला पर्यावरणाशी घेणंदेणं नाही ही समजूत इतकी घट्ट कशी? २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी लोकांना विचारलं गेलं, की निरनिराळ्या समाजगटांना पर्यावरणाची किती काळजी वाटते असं तुम्हाला वाटतं. लोकांनी लॅटिनो, कृष्णवर्णीय, आशियाई आणि गरीब लोकांच्या काळजीचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी लावला. अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे: या गटांतल्या लोकांनी स्वतःच्या गटाबद्दलही हीच चूक केली. पर्यावरणवादी म्हटल्यावर डोळ्यांसमोर गोरा, शिकलेला माणूस येतो, आणि ते चित्र इतकं पसरलं आहे की मळ्यात फवाऱ्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बाईलाही आपण एकटीच असं वाटावं. चित्र हवेतून आलेलं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या डॉर्सेटा टेलर यांनी २०१४मध्ये पर्यावरण संस्थांच्या नोकरभरतीचा जो अहवाल मांडला, त्यात संस्थांच्या मंडळांवर आणि कर्मचाऱ्यांत अल्पसंख्य समाजांचं प्रमाण १६ टक्क्यांच्या वर जात नसल्याचं दिसलं.

या समजुतीमागे एक जुना सिद्धान्तही आहे: पोट भरलं की माणूस झाडांचा विचार करतो. आपल्याला हा युक्तिवाद ओळखीचा आहे. इतिहासकार रामचंद्र गुहा आणि स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञ जोआन मार्तिनेझ-आलिए यांनी १९९७च्या एका पुस्तकात तो खोडून काढला, तो हिमालयातल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या गरीब माणसांच्या लढ्यांचा दाखला देऊनच. ज्याची उपजीविका जंगलावर, नदीवर, उघड्या आकाशाखालच्या कामावर आहे, त्याच्यासाठी निसर्गाचं रक्षण हा पोटाचाच प्रश्न असतो. नर्मदेच्या पाण्याखाली गेलेल्या नंदुरबारच्या आदिवासी गावांचा लढा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं पटवून द्यावं लागू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लॅटिनो असा एकच समाज आहे तरी कुठे? मायामीतले क्यूबन, न्यूयॉर्कमधले प्युर्टो रिकन, टेक्ससच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मेक्सिकन घराणी आणि काल ग्वातेमालाहून आलेला मजूर यांचं राजकारण एक नाही. पश्चिम टेक्सस आणि न्यू मेक्सिकोच्या तेलक्षेत्रांत हजारो लॅटिनो कुटुंबांची चूल तेलावर पेटते. २०२४च्या निवडणुकीत लॅटिनो मतं मोठ्या प्रमाणात ट्रम्प यांच्याकडे वळली. टेक्ससच्या सीमेवरचा, जवळपास पूर्णपणे लॅटिनो असलेला स्टार परगणा शंभरहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूनं गेला. हे सगळं खरं आहे आणि त्याकडे डोळेझाक करणाऱ्या संस्था स्वतःचीच फसवणूक करतात. पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? हा समाज हवामानाबाबत उदासीन आहे असा निष्कर्ष निघत नाही. महागाई आणि रोजगार यांना उत्तर न देणारी मोहीम त्याला पटत नाही, एवढाच निघतो. तेलक्षेत्रातल्या कामगाराला तुझं काम पाप आहे असं सांगणाऱ्याकडे तो पाठ फिरवणारच. तेवढ्याच पगाराचं, तेवढ्याच खात्रीचं काम तुझ्याच गावात कसं येईल, हे सांगणाऱ्याचं तो निदान ऐकून घेईल. आणि ते सांगणं अवघड आहे, हे मान्य केलंच पाहिजे. सौर आणि पवन प्रकल्पांची बांधकामं संपली की तिथे मनुष्यबळ कमी लागतं. तेलक्षेत्रातला कामगार हा हिशेब चांगला जाणतो.

सामील करून घेणं म्हणजे आधीच लिहिलेल्या मसुद्यावर सह्या गोळा करणं, हा समज किती महाग पडतो ते कॅलिफोर्नियात दिसलं. हवामान बदल रोखण्यासाठी राज्यानं २००६मध्ये केलेला कायदा स्थगित करावा म्हणून २०१०मध्ये सार्वमताचा प्रस्ताव आला. त्यामागे टेक्ससच्या तेलकंपन्यांचा पैसा होता. तो साठ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला गेला. तो पाडण्यासाठी लॅटिनो आणि इतर वस्त्यांतल्या संघटनांनी स्वतंत्र मोहीम चालवली होती. पण यांतल्याच काही संघटनांनी त्याच कायद्याखालच्या कार्बन बाजाराला न्यायालयात आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कारखान्याला बाजारात परवाने विकत घेऊन धूर सोडत राहता येणार असेल, तर राज्याचा एकूण आकडा खाली येईल आणि आमच्या गल्लीतला धूर तसाच राहील. मोठ्या पर्यावरण संस्थांना ही आडमुठेपणाची भूमिका वाटली. मला ती या सगळ्या धोरणातली सर्वांत उपयोगी टीका वाटते, कारण तिच्याच दबावातून पुढच्या दुरुस्त्या आल्या. २०१२मध्ये केविन दे लिओन यांनी मांडलेला कायदा झाला आणि कार्बन बाजारातून येणाऱ्या पैशातला किमान चौथा हिस्सा प्रदूषणानं आणि गरिबीनं गांजलेल्या भागांच्या हितासाठी राखून ठेवला गेला. २०१७मध्ये अशा वस्त्यांच्या हवेवर स्वतंत्र देखरेखीचा कायदा झाला. टीकाकारांना खोलीत घेतलं म्हणून धोरण सुधारलं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाच बोलावलं असतं तर सुधारलं नसतं.

प्युर्टो रिको या बेटावर तर लोकांनी निमंत्रणाची वाटच पाहिली नाही. तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. २० सप्टेंबर २०१७ला मारिया चक्रीवादळ येऊन गेलं. अधिकृतपणे स्वीकारलेल्या अंदाजानुसार त्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत २९७५ जीव गेले. पुष्कळ मृत्यू वादळानंतर वीज, पाणी, औषधं न मिळाल्यामुळे झाले. सगळीकडे वीज यायला जवळजवळ वर्ष लागलं. डोंगराळ आदहुन्तास गावात मात्र कासा प्वेब्लो या संस्थेच्या इमारतीत दिवे चालू होते, कारण छपरावर सौर पट्ट्या होत्या. ही संस्था १९८०मध्ये खाणींना विरोध करण्यासाठी सुरू झाली होती. वादळानंतर तिनं गावात घरोघरी सौरदिवे आणि सौर पट्ट्या पोहोचवल्या, आणि २०२३मध्ये गावातल्या दुकानांना एकत्र जोडणारं, लोकांच्या मालकीचं छोटं सौर वीजजाळं सुरू केलं. अंधारात श्वसनयंत्र कसं चालवायचं, इन्सुलिन थंड कसं ठेवायचं, या प्रश्नांतून तिथली ऊर्जानीती तयार झाली.

राहिला शेवटचा आणि सर्वांत कठीण आक्षेप. ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत, ज्याला कामावरून घरी जाताना धरपकडीची भीती आहे, तो सभेत उभा राहील कसा? यातला एक गैरसमज आधी दूर करायला हवा: दर पाच लॅटिनोंपैकी सुमारे चार जण अमेरिकेचे नागरिक आहेत. पण शेतमजुरांत बिनकागदांच्या लोकांचं प्रमाण मोठं आहे, आणि उन्हाचा सर्वांत मोठा घाव त्यांच्यावरच बसतो. कॅलिफोर्नियानं २००५मध्ये उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी पाणी, सावली आणि विश्रांतीचा नियम केला. असा नियम करणारं ते देशातलं पहिलं राज्य होतं, आणि त्यामागे मळ्यांत उष्माघातानं झालेले मृत्यू होते. इतरत्र वारं उलट दिशेनं वाहिलं. ऑस्टिन आणि डॅलस शहरांनी बांधकाम मजुरांसाठी पाणी पिण्याच्या सुट्टीचे नियम केले होते; टेक्ससनं २०२३मध्ये असे स्थानिक नियम निष्प्रभ करणारा कायदा केला. फ्लोरिडानं २०२४मध्ये तेच केलं, तेही मायामी परिसरातले मजूर उष्णतेपासून संरक्षणाचा नियम मागत असताना.

त्याच फ्लोरिडात इमोकली नावाचं टोमॅटोच्या मळ्यांचं गाव आहे. मेक्सिको, ग्वातेमाला, हैती इथून आलेल्या मजुरांनी १९९३मध्ये तिथे संघटना सुरू केली. कायदे करणाऱ्यांकडून आपल्याला फार मिळणार नाही हे ओळखून त्यांनी मोर्चा टोमॅटो विकत घेणाऱ्यांकडे वळवला. मॅकडोनाल्ड्स, वॉलमार्ट यांसारख्या खरेदीदारांनी त्यांच्याशी बंधनकारक करार केले, की ठरलेल्या अटी पाळणाऱ्या मळ्यांकडूनच ते माल घेतील. या अटींत उन्हाळ्याच्या महिन्यांत दर दोन तासांनी सक्तीची दहा मिनिटांची विश्रांती आहे, सावली आणि पाणी आहे, उष्माघाताची लक्षणं ओळखायचं शिक्षण आहे. मजुरांना ते त्यांच्या भाषेत, पगारी वेळेत दिलं जातं, आणि देणारे त्यांच्यातलेच असतात. अटी मोडल्या तर मळ्याचा माल हे खरेदीदार घेत नाहीत. ज्यांना मत नाही आणि ज्यांतल्या अनेकांकडे कागदही नाहीत, त्यांनी राज्य विधिमंडळानं नाकारलेलं संरक्षण बाजारातून मिळवलं. हवामानाच्या प्रश्नावर लॅटिनो समाजात काम करू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेनं आपला पहिला दौरा अशा गावांकडे काढावा, आणि तिथे गेल्यावर पत्रकं वाटण्याऐवजी पुढच्या मागण्या कोणत्या आहेत ते विचारावं.